"तुमचं बरं आहे" म्हणणाऱ्यांसाठी

आज एका वाढदिवसाला गेलो होतो. केक कापून होतोय न होतोय तोच एकीने ऐकवलं, "तुमचं बरं आहे गं, तुमच्याकडे मेडिकल कारण आहे. अपील केलंत की हवी ती शाळा मिळणारच." मी हसले. लेकीच्या वाटणीच्या केकचे कार्ब्स अंदाजाने धरले, तिच्या इन्सुलिन पंपात आकडा टाकला, घरी आले. आता सगळे झोपलेत आणि मी टाइप करतेय. एप्रिलमध्ये इथे इंग्लंडमध्ये लेकीला हवी ती शाळा मिळाली नाही, तेव्हापासून हे वाक्य निरनिराळ्या तोंडांतून ऐकतेय. आज मात्र पार डोकं फिरलंय.

लेक चार वर्षांची. टाइप वन डायबिटीस. (नाही, गोड खाल्ल्याने झालेला नाही. नाही, मेथीच्या पाण्याने जाणार नाही. फॉरवर्ड पाठवू नका, हात जोडते.) दंडावर साखर मोजणारा सेन्सर, कमरेला पंप. साखर (इथल्या मापात, mmol/L मध्ये) चारच्या खाली गेली की तिला लगेच ज्यूस लागतो. पण चार वर्षांचं पोर "माझी शुगर उतरतेय" असं सांगत नाही. ती खेळता खेळता भिंतीला टेकून गप्प बसते, नाहीतर उगाच कुणावर तरी ओरडते. ज्याला माहीत आहे त्याला ते कळतं, बाकीच्यांना वाटतं पोरगी रुसलीय.

आमच्या घरापासून चालत पाच-सात मिनिटांवर एक प्राथमिक शाळा आहे. फॉर्म भरायच्या आधी ती बघायला गेलो होतो. जेवणाच्या हॉलमधून जाताना तिथल्या डिनर लेडीने (जेवणाच्या सुट्टीत मुलांकडे बघणाऱ्या बाईने) लेकीच्या दंडाकडे पाहिलं, मग सेन्सरचा आकडा दाखवणाऱ्या माझ्या हातातल्या फोनकडे, आणि सहज म्हणाली, "बाण खाली दिसतोय की. बिस्कीट देऊ?" आकडा ४.८ होता, म्हणजे तसा ठीकच. पण ती आकडा नाही, साखर चढतेय की उतरतेय ते दाखवणारा बाण वाचत होती! त्या शाळेत वरच्या वर्गात टाइप वन असलेला एक मुलगा आहे, त्याच्यामुळे ती शिकलेली. निदान झाल्यापासून परक्या माणसाच्या ताब्यात लेकीला देता येईल असं मला पहिल्यांदा तिथे वाटलं.

१६ एप्रिलला इंग्लंडभर कुठल्या मुलाला कुठली शाळा मिळाली त्याच्या ऑफर येतात. आम्हाला दुसरीच शाळा आली, दोन बस बदलून जायची. जवळच्या शाळेचे नियम असे: आधी केअरमधली (सरकारी देखरेखीखाली वाढणारी) मुलं, मग भावंडं, मग सरळ रेषेत अंतर. वैद्यकीय गरजेचा रकानाच नाही. आणि ते पूर्णपणे कायदेशीर आहे. ॲडमिशन कोड, म्हणजे शाळाप्रवेशाची सरकारी नियमावली, सांगतो की असा निकष ठेवायचा तर ठेवा, नको तर ठेवू नका. कौन्सिलप्रमाणे बदलतं, शाळेप्रमाणे बदलतं. कन्सल्टंटचं, म्हणजे तिच्या तज्ज्ञ डॉक्टरांचं, पत्र जोडलं होतं. ते जोडायला आम्हाला कोण अडवणार? पण ते मोजायला नियमच नाही म्हटल्यावर कोण मोजणार?

ईएचसीपी (एज्युकेशन, हेल्थ अँड केअर प्लॅन) का नाही काढलं, असं विचारणारेही भेटले. त्या प्लॅनमध्ये शाळेचं नाव असलं की शाळेला घ्यावंच लागतं, हे खरं. पण तो विशेष शैक्षणिक गरजांसाठी असतो. माझी लेक अक्षरं ओळखते, शंभरपर्यंत मोजते. नुसत्या डायबिटीसवर तो सहसा मिळत नाही.

मग अपील केलं. टेबलापलीकडे पॅनेलचे तिघं, शाळेशी संबंध नसलेले. वागायला सभ्य, त्याबद्दल तक्रार नाही. एका बाईंनी तर लेकीची साखर रात्री उतरली की काय करता, असं मनापासून विचारलं. पण त्यांचे हात आधीच बांधलेले. १९९८ च्या कायद्याने लहान वर्गांत एका शिक्षकामागे तीसच मुलं. वर्ग तीसवर भरला असेल तर पॅनेलला इतकंच बघता येतं: नियम कायदेशीर होते का, ते बरोबर लावले का, आणि हा निर्णय कुठल्याही समंजस अधिकाऱ्याने घेतलाच नसता इतका विचित्र आहे का. लेकीला काय हवंय हा प्रश्नच त्यात नाही. पाय मोडला म्हणून दवाखान्यात जावं आणि केसपेपर नीट भरलाय एवढं तपासून घरी पाठवावं, तसं.

आणि ते तीसही काही देवाने आखून दिलेलं नाही. जुळ्यांपैकी एक तिसाव्या जागेवर आला तर दुसराही घेता येतो. पॅनेलने आत घेतलेलं मूलही मर्यादेत धरत नाहीत. म्हणजे एकतीस चालतात! फक्त कुणासाठी चालतात ते ठरलेलं आहे. बरं, तीसची मर्यादा मुलांच्या भल्याचीच आहे, आणि शिक्षकांचे हाल मलाही दिसतात. मान्य.

माझं डोकं सरकलं ते शाळेच्या बाजूने बोलणाऱ्याच्या एका वाक्यावर. "आजारी मुलांना आधार देणं प्रत्येक शाळेवर बंधनकारक आहे, त्यामुळे ऑफर झालेली शाळाही तिची गरज भागवू शकते." बरोबरच बोलला. २०१४ च्या चिल्ड्रन अँड फॅमिलीज ॲक्टचं कलम १००. आपल्यासारख्यांच्या मुलांसाठीच केलेला कायदा, आणि तोच आमच्यासमोर आडवा घातला! कायद्याने सगळ्या शाळा सारख्या, म्हणून तुमच्या पोरीला कुठलीही चालेल. मी त्या डिनर लेडीचं सांगितलं. तो म्हणाला, कर्मचारी बदलतात. बदलतात हो. ती उद्या नोकरी सोडूही शकते. पण आज ती आहे, आणि बाण बघून बिस्कीट पुढे करणारं माणूस कलम १०० मधून आपोआप उगवत नाही.

मागच्या आठवड्यात पत्र आलं. अपील नामंजूर.

ऑफर झालेल्या शाळेवर राग काढत नाही. तिथल्या हेडने स्वतःहून फोन केला, डायबिटीस नर्स येऊन स्टाफला शिकवणार आहे, केअर प्लॅन लिहून होतोय. फोनवर त्या बाईंचा आवाज घाबरलेला होता आणि मला त्यांच्याबद्दल मायाच वाटली. शिकतील त्या. पण त्यांचं शिकणं माझ्या लेकीवर होणार, आणि दोन बस पलीकडे होणार. साखर उतरल्याचा अलार्म वाजला की पाच मिनिटांत धावत पोचणं वेगळं आणि स्टॉपवर उभं राहून फोनकडे बघत बसणं वेगळं, हे तुम्हाला तरी समजावून सांगायला नको.

वेटिंग लिस्टवर नाव आहे. ती यादी ३१ डिसेंबरपर्यंत तरी ठेवावी लागते, पण तीही त्याच नियमांनी लागते. कुणी आमच्यापेक्षा जवळ राहायला आलं की आम्ही खाली.

म्हणून "तुमचं बरं आहे" म्हणू नका. त्यापेक्षा एक काम करा. आपापल्या भागातल्या शाळांचं ॲडमिशन धोरण उघडून बघा, वैद्यकीय गरजेचा निकष आहे का. धोरण बदलायचं असेल तर शाळेला किंवा कौन्सिलला, ज्यांचं ते धोरण असेल त्यांना, १ ऑक्टोबर ते ३१ जानेवारीच्या दरम्यान निदान सहा आठवडे लोकांची मतं मागवावी लागतात, आणि काहीच बदललं नाही तरी सात वर्षांतून एकदा मागवावीच लागतात. मी जवळच्या शाळेच्या गव्हर्नरांना, म्हणजे शाळेच्या संचालक मंडळाला, पत्र लिहायला घेतलंय, यंदाच मतं मागवा म्हणून. मसुदा हवा असेल तर इनबॉक्समध्ये या. ज्यांची मुलं पुढच्या वर्षी रिसेप्शनला (शाळेच्या पहिल्याच वर्गात) जाणार आहेत आणि असं काही दुखणं आहे, त्यांनी डॉक्टरांचं पत्र १५ जानेवारीच्या आत फॉर्मसोबतच द्या, आणि त्यात "हीच शाळा का" हे डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या. नुसतं निदान लिहिलेलं पत्र उपयोगाचं नाही. जिथे निकष आहे तिथे निदान ते वाचलं तरी जाईल.