डॅश व्ही

मामाच्या गुळाच्या पेढीचं बिलिंग मी कंटेनरात घालून दिलं, त्याला दीड वर्ष झालं. त्याआधी मला कोल्हापुरात थोडीफार किंमत होती.

मूळ घोटाळा नावातच आहे. पोरगा काय करतो असं कुणी विचारलं की आई सांगते, "कंटेनर सांभाळतोय. मी तर सगळ्यास्नी तेच सांगतो." (आमच्याकडं बायकाही 'मी सांगतो'च म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.) त्यावर विसंबून गल्लीतल्या एका काकांनी मला जिन्यातच गाठलं. "बारा टन साखर न्हावाशेव्याला टाकायची हाय. भाडं काय घेतोस?" मी म्हटलं, "काका, माझे कंटेनर लॅपटॉपात असतात." काकांनी मला वरून खालपर्यंत बघितलं. "मग ऱ्हाऊ दे. छोटा हत्ती बघतो."

मामाला मात्र पटवणं सोपं गेलं, कारण गूळवाल्याला साचा कळतो. म्हटलं, मामा, इमेज म्हणजे साचा आणि कंटेनर म्हणजे त्यातनं काढलेला रवा, गुळाची ढेप. साचा एकच, रवे पाहिजे तेवढे काढा. आत सॉफ्टवेअर, त्याला लागणारं सगळं सामानसुमान, झाकण लावून तयार. या यंत्रावर चाललं तर त्या यंत्रावरही तस्संच चालणार. मामा म्हणाला, "म्हंजे काहिलीसकट गूळ देणार की रं तू." दोन तास पुस्तकं उलटून मला जे नीट मांडता आलं नसतं, ते त्यानं तंबाखू मळता मळता सांगितलं.

हे चालवणाऱ्या हत्याराचं नाव डॉकर. डॉकर म्हणजे गोदीतला हमाल. २०१३ साली सॉलोमन हाइक्स नावाच्या गड्यानं अमेरिकेत पायकॉन या पायथनवाल्या प्रोग्रॅमरांच्या परिषदेत व्यासपीठावर पाच मिनिटांत ते दाखवलं आणि त्यानंतर जगातले निम्मे प्रोग्रॅमर हमालीला लागले. बोधचिन्ह काय, तर पाठीवर पेट्या लादलेला निळा देवमासा. हे ऐकल्यावर आमचे दिवाणजी एवढंच म्हणाले, "आपल्या यार्डात हमाल तीस किलोचा रवा पाठीवर मारतो, त्याचं चित्र काढलं न्हाई कुणी."

सांभाळायचं म्हणजे काय करायचं? काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करत बसायचं. 'डॉकर पीएस' म्हटलं की हजेरी, पण फक्त जित्यांची. 'डॅश ए' जोडलं की मेलेलेही रांगेत येतात, कधी गेला आणि कोणत्या आकड्यानं गेला त्यासकट. १३७ दिसला की समजायचं, नैसर्गिक मरण नव्हे, गळा दाबलाय. 'डॉकर स्टॉप'ची पद्धत तर आमच्या मामाचीच आहे. आधी नीट सांगायचं, आवर बाबा, निघ. मग दहा सेकंद वाट बघायची. तेवढ्यात उठला नाही तर सरळ चीतपट. मामा दहा सेकंद थांबत नाही, एवढाच फरक.

आणि नावं! कंटेनरला तुम्ही नाव दिलं नाही तर डॉकर स्वतः बारसं करतो. एक विशेषण, एक शास्त्रज्ञ, मध्ये खालची रेघ. यादीत आपले आर्यभट, भास्कर, रामन सगळे आहेत. माझ्याकडं एकदा 'हंग्री रामन' तीन आठवडे चालत होता आणि त्याच्या शेजारी 'स्लीपी भास्कर' मरून पडला होता. फक्त 'बोरिंग वोझ्नियाक' हे नाव कधीच पडत नाही. अ‍ॅपल कंपनीच्या संस्थापकांतला स्टीव्ह वोझ्नियाक कंटाळवाणा नाही, अशी टीप लिहून ती जोडी आतल्या कोडातच अडवलेली आहे. भास्कराचार्य झोपाळू असल्याबद्दल मात्र कुणाची हरकत दिसत नाही.

तर तो दिवस. दिवाळीच्या पाडव्याला गुळाच्या सौद्यांचा मुहूर्त होऊन महिना झालेला, यार्डात गाड्यांची रांग, पेढीत उभं राहायला जागा नाही आणि सकाळी दहाला दिवाणजींचा फोन. "भाचेसाहेब, पावती निघंना. विंग्रजीत कायतरी शिव्या द्यायला लागलंय."

पेढीत जाऊन बघितलं. शिवी होती, 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. डिस्क भरलेली. 'डॉकर सिस्टिम डीएफ' मारून बघितलं तर जुन्या इमेजांची अडगळ ३८ जीबी. मी प्रत्येक दुरुस्तीला नवा साचा केला होता आणि जुना एकही फेकला नव्हता. आईनं श्रीखंडाचे डबे साठवावेत तसं.

'डॉकर सिस्टिम प्रून' मारलं. त्यानं सभ्य माणसासारखं विचारलं, हे हे जाणार, ते ते जाणार, खात्री आहे का, वाय की एन. वाय दाबलं. अडगळ गेली. मी डिस्क बघितली. जागा तेवढीच, एक जीबी वाढलेला नाही.

यातली मेख सांगतो, कारण तिच्यापायीच पुढचं सगळं घडलं. विंडोजवर डॉकर चालतो लिनक्स नावाच्या दुसऱ्या संगणकप्रणालीच्या पोटात, आणि त्या लिनक्सची सगळी डिस्क म्हणजे विंडोजच्या दृष्टीनं एकच मोठी फाइल. ती फुगते पण आपणहून आकसत नाही. आतून ३८ जीबी काढले तरी बाहेर पोट तेवढंच. लग्नानंतर माझं झालं तसं. तिला आकसवायचं तर आधी सगळं बंद करावं लागतं.

बंद करायची आज्ञा 'डॉकर कंपोज डाउन'. एवढंच टाइप करायचं होतं. पण घरी चाचणी करताना मी दिवसातून दहा वेळा त्यापुढं 'डॅश व्ही' लावतो, म्हणजे डेटाचे व्हॉल्यूमही, त्याची कोठारंच, पुसले जातात आणि पाटी कोरी होते. बोटांना घर आणि पेढी कळत नाही. बोटांनी डॅश व्ही लावलं आणि एंटरही मारलं.

अडगळ फेकताना खात्री आहे का विचारणारा हा हमाल, तिजोरी फेकताना एका शब्दानं विचारत नाही. कंटेनर, रिमूव्हड. व्हॉल्यूम, रिमूव्हड. प्रत्येकासमोर हिरवी बरोबरची खूण. शाळेत मला एवढ्या खुणा कधी मिळाल्या नव्हत्या.

रोज रात्री बॅकअप घेणारी स्क्रिप्ट मी लिहिली होती. ती एकही रात्र चुकली नाही. फक्त ती बॅकअप ठेवायची कंटेनरच्याच पोटात, आणि कंटेनर नुकताच हिरव्या खुणेनं गेला होता.

मी खुर्चीत नुसता बसून राहिलो. बाहेर अडत्यांचा पुकारा चाललेला, काट्यावर रवे चढत होते. मामा आत आला, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाला, "किती गेलं?"

"सगळंच."

मामानं शिवी दिली नाही, हे जास्त भयानक होतं. तो उठून देव्हाऱ्याकडं गेला आणि लक्ष्मीच्या तसबिरीमागनं एक पेनड्राइव्ह काढला. लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा झाल्यावर त्यानंच हट्ट धरला होता, "संगणकाची वही पण ठेव पाटावर." मी मनात हसत सगळ्या डेटाची प्रत त्याच्यावर घेतली होती. पेनड्राइव्हच्या तोंडात हळद-कुंकू गच्च बसलेलं. दहा मिनिटं दात कोरायच्या काडीनं उकरलं, फुंकर मारली, लावला. लागला.

म्हणजे पाडव्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंतचं सगळं परत आलं. राहिला मधला महिना. तो कुठंच नव्हता. म्हणजे संगणकात नव्हता. दिवाणजींनी गादीखालनं लाल कापडी वही काढली. दीड वर्ष मी त्यांना सांगत होतो, दिवाणजी, आता वही कशाला. ते "व्हय, व्हय" म्हणायचे. त्या वहीत महिनाभराची एकेक पावती होती, शेतकऱ्याचं गाव, नाव, रवे, वजन, दर, हमाली, तोलाई, सगळं. चारशे बारा.

"मी सांगतो, तुम्ही घाला," दिवाणजी म्हणाले. मग थांबले. "पर आधी मला सांगा, ते पुसणारं बटण कुठलं?"

मी दाखवलं. ते शांतपणे उठले, पार्सलं बांधायची खाकी चिकटपट्टी आणली, दातानं तोडली आणि माझ्या लॅपटॉपच्या व्ही वर दोन आडव्या, एक उभी अशी लावून अंगठ्यानं दाबून बसवली. मग चष्मा पुसला, वही उघडली.

"हं, घाला. पयलं गाव, वडणगे."

आमच्या बिलिंगमध्ये गावाचं नाव इंग्रजीत घालावं लागतं. मी चिकटपट्टीकडं बघत बसलो.

"झालं? त्याच्या खाली, वाशी. त्याच्या खाली, वसगडे."