कमी बोलतो म्हणून खुनी? फॉरवर्ड पाठवण्याआधी जरा वाचा तरी

मावशीने फॅमिली ग्रुपवर "खुन्यांचे तीन प्रकार आणि कोण किती घातक" असा लांबलचक फॉरवर्ड टाकला (सिरियल म्हणजे मध्ये काळ जाऊ देऊन एकेक खून करणारा, मास म्हणजे एकाच वेळी अनेकांना मारणारा, स्प्री म्हणजे न थांबता एकामागून एक ठिकाणी मारत जाणारा), आणि त्याखाली एका शहाण्याने तिच्याच पोराला टॅग करून लिहिलं, "हा पण कुणाशी बोलत नाही, सांभाळा रे". पोरगा ग्रुप सोडून गेला. नाहीतर असल्या फॉरवर्डच्या नादी मी लागत नाही.

तर पहिलं तेच. "सिरियल किलर एकलकोंडा असतो, अबोल माणूस दिसला की सावध." साफ खोटं! अमेरिकेच्या तपास संस्थेने, एफबीआयने, २००५ मध्ये तिथल्या सान अँटोनियो शहरात तपास अधिकारी, मानसोपचारवाले, वकील असे सगळे एकत्र बसवले होते, त्याचा अहवाल २००८ ला आला. त्यात गैरसमजांची यादीच दिलीय आणि यादीत पहिला नंबर ह्याचाच. डेनिस रेडर बघा ना, अमेरिकेतल्या विचिटा शहरात १९७४ ते १९९१ मध्ये १० खून, आणि घरी बायको, दोन मुलं, वर चर्चच्या कौन्सिलचा अध्यक्ष. इंग्लंडचा हॅरोल्ड शिपमन तर फॅमिली डॉक्टर, चौकशीत २१५ बळी निघाले, पेशंट स्वतः दार उघडून त्याला आत घ्यायचे. गप्प पोरांवर नजर ठेवून ह्यातला कोण सापडला असता?

"जीनियस असतात, थांबूच शकत नाहीत." ह्याच रेडरने पोलिसांनाच विचारलं की फ्लॉपी (कॉम्प्युटरची जुनी डिस्क) पाठवली तर माग लागेल का, ते नाही म्हणाले, ह्याने पाठवली, सापडला. तेही २००५ मध्ये, म्हणजे शेवटच्या खुनानंतर १४ वर्षं तो थांबलेलाच होता.

तिसरा प्रकार म्हणजे "स्प्री किलर". त्याच बैठकीत बहुतेकांनी हा वेगळा प्रकारच नको म्हटलं, तपासाला उपयोग नाही म्हणून. पुढे.

"मास मर्डररचं डोकं अचानक फिरतं, एकदाच मारतो, म्हणून कमी घातक." अरे काय! नॉर्वेच्या ब्रेविकने खताचा बॉम्ब बनवायला आधी शेत भाड्याने घेतलं होतं, मग २२ जुलै २०११ ला ओस्लोत स्फोट आणि उटोया बेटावर गोळीबार, एका दुपारीत ७७ माणसं. ह्याला अचानक म्हणायचं, आणि कमी घातक?

एक गोष्ट मान्य, नाइलाजाने. मास मर्डरर बहुतेकदा त्याच दिवशी मरतो नाहीतर पकडला जातो, सिरियल किलर मोकळा असेपर्यंत पुढचा बळी जाऊ शकतो. पण त्याच अहवालात हेही आहे की एका वर्षातल्या एकूण खुनांत सिरियल खून १ टक्क्याहून कमी. मग एक दुपारी ७७ मारतो, दुसरा वर्षानुवर्षं एकेक करून २१५, ह्यांना पहिला दुसरा नंबर देऊन करायचं काय? एकाला रोखायला आधीची तयारी आणि शस्त्रं दिसायला हवीत, दुसऱ्याला रोखायला मृत्यूंच्या नोंदी कुणीतरी एकत्र ठेवून बघायला हव्यात, आणि ह्यातलं एक अक्षर त्या फॉरवर्डमध्ये नाही.

मावशीने तो डिलीट केलाय. टॅग करणाऱ्याने अजून त्या पोराला फोन केलेला नाही, तो आज करावा.