शिकवायचं कुणाला?
‘डिस्चार्जनंतरची शुश्रूषा घरच्यांनीच करायची, नर्सने ती नीट शिकवावी’ हे पेशंटच्या घरच्या शुश्रूषेवरच्या एका लेखातलं वाक्य खटकलं. मी वॉर्डात नर्स आहे. पक्षाघाताच्या पेशंटला दर २ तासांनी कूस बदलून द्या, नाहीतर पाठीला जखमा होतील, असं सांगते तेव्हा समोर बहुतेकदा सत्तरी ओलांडलेली बायको असते, तिचेच गुडघे धरलेले. मुलगा परदेशातून व्हिडिओ कॉलवर. प्रश्न अगदी नेमके विचारतो, पण उचलायला हात लागतात. (सुनेला गृहीत धरणं तर सोडाच आता, तीही नोकरीवर असते.)

२०३० पर्यंत जगात दर ६ माणसांत १ जण साठीचा किंवा त्यापुढचा असेल, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग घरी येणाऱ्या नर्सची सोय डिस्चार्जच्या कागदावरच का लिहिलेली नसावी?