सेवा करायला येताय? मग आधी मावशींना सुट्टी द्या

नाताळ जवळ आला की आमच्या मिरज-सांगली भागातल्या बालगृहांत ख्रिस्ती मिशनच्या टीम सेवेला यायला लागतात. कुणी मुंबईच्या मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, कुणी केरळातून, कुणी पार मिझोरामहून, अधूनमधून परदेशातूनही. पदरचे पैसे घालून, रजा टाकून येतात. मीही त्याच मंडळीतली, त्यामुळे या पोरांना कुणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत. तरीही हे लिहिते आहे, कारण टीम आली की बालगृहातल्या मावशींचं काम वाढतं, आणि ते कुणाच्या लक्षातच येत नाही.

मी मुलींच्या एका बालगृहात गणित घ्यायला जाते. नाव मुद्दाम देत नाही. तिथल्या मावशी पहाटे साडेचारला उठतात. आंघोळीचं पाणी, डबे, वीस-बावीस डोक्यांच्या वेण्या. शाळेतून उवांची तक्रार आली की त्या संध्याकाळी बारीक फणी घेऊन व्हरांड्यात बसायचं, एकेक डोकं मांडीवर घ्यायचं, लिखा दोन नखांत धरून चिरडायच्या. मान अवघडली की पोरगी चुळबुळ करते, मावशी तिच्या पाठीवर चापटी मारतात आणि लगेच तिथंच हात फिरवतात. रात्री कुणी अंथरूण ओलं करतं, कुणाला ताप भरतो, कुणाच्या आईचा फोन येत नाही म्हणून ताट तसंच राहतं. बारा महिने हेच. पगार किती, ते विचारू नका.

अशा घरात पंधरा-वीस जणांची टीम येते. त्यांचा चहा-नाश्ता आला, चादरी आल्या. दिवसभर खेळ, गाणी, नाच, चॉकलेटं. जेवणाची वेळ टळते, अभ्यास राहतो. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी गाडी निघून गेली की मुली रडरड रडतात, पुढचे कित्येक दिवस एकमेकींशी भांडतात, मावशींना उलटून बोलतात. निघून गेलेल्या ताईवर रागावता येत नाही, म्हणून समोर असलेल्या मावशीवर राग निघतो.

गळ्यात पडणारं लेकरू पाहून पाहुण्यांना भरून येतं, किती लळा लागला म्हणतात. पण ज्या पोराची आई रोज घरी असते ते अनोळखी माणसाच्या गळ्यात असं पहिल्या पाच मिनिटांत पडतं का हो? लगेच बिलगणारं मूल बहुतेकदा आधी कुणीतरी सोडलेलं असतं. त्याला आणखी एकदा सोडून जाण्यात सेवा ती कसली?

काही वर्षांपूर्वी केरळची एक नर्स आली होती, एकटीच. पहिल्याच दिवशी तिनं मावशींना विचारलं, तुम्ही घरी शेवटच्या कधी गेलात? मावशींच्या भाचीचं लग्न होतं कवठेमहांकाळला, आणि जाता येणार नाही असं त्यांनी कळवूनही टाकलं होतं. त्या नर्सनं आधी चार दिवस मावशींच्या मागं-मागं फिरून सगळं शिकून घेतलं, कुणाला कुठलं औषध, कुणाला अंधाराची भीती वाटते, सगळं. मग मावशींना लग्नाला पाठवलं. मुलींना हे नवल वाटलं नाही, कारण मावशींनीच तिच्या हाती घर दिलं होतं. मावशी परत आल्या त्या हातावरची मेंदी दाखवत. त्या नर्सचा मुलींबरोबर एकही फोटो नाही.

आमच्या मिरजेला हे नवीन नाही. मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस 1889 साली भारतात आले, 1894 मध्ये मिरजेचं मिशन हॉस्पिटल उभं राहिलं आणि 1928 पर्यंत ते इथंच राबले. शिवाय इथल्याच मुलामुलींना औषधोपचार आणि नर्सिंग शिकवलं. म्हणून ते गेल्यावरही काम थांबलं नाही. वानलेसवाडीचं नाव आपण रोज घेतो, पण त्या नावामागची ही रीत विसरून चालणार नाही. चाळीस वर्षं राहणं आज कुणाला जमणार? पण एक महिना राहून मावशींच्या हाताखाली काम करणं जमू शकतं.

आणि स्थानिक मंडळींनी तर याहून मोठं काम अंगावर घ्यावं. या मुलांपैकी कित्येकांना आई आहे, आजी आहे. जतकडून, आटपाडीकडून आलेली पोरं आहेत, आई ऊसतोडीला गेलेली, बाप नाही. घरात खाणारं तोंड कमी व्हावं म्हणून मूल इथं आणून ठेवलंय. सरकारची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला 2250 रुपये मिळतात, आणि मूल नातेवाइकांच्या घरीच वाढू शकतं. पण त्यासाठी बापाच्या मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार गोळा करून बालकल्याण समितीपुढं जावं लागतं. सत्तर वर्षांची आजी तहसीलच्या किती खेपा घालणार? आमच्या चर्चच्या तरुण संघातल्या दोन पोरांनी मोटारसायकलवर आजीला घेऊन जाऊन एवढं काम केलं, तरी एक मूल घरी जाईल. बालगृह रिकामं झालं तर मिशनचं काही बिघडत नाही.

प्रार्थनेबद्दलही बोलते. मी ख्रिस्ती आहे आणि माझा विश्वास मी लपवत नाही. पण जे लेकरू आपल्या हातचं जेवतं त्याला आपल्याला नाही म्हणता येत नाही, म्हणून त्याला धर्म बदल असं सुचवणंसुद्धा मला पाप वाटतं. त्याची आजी दिवाळीला चिवड्याची पिशवी घेऊन भेटायला येते, तर त्या दिवशी त्याला उटणं लावून आंघोळ घालणं हे आपलंच काम. आणि ज्यांना गाणी शिकवायचीच आहेत त्यांनी निदान मराठी तरी शिकवावीत. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांनी भजनं लिहिली, अखेरच्या वर्षांत साताऱ्यात राहून ‘देवाचा दरबार’ नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, ते ख्रिस्त या मातीतल्या माणसाला आपला वाटावा म्हणूनच ना?

फोटोंचं तर थोडक्यात सांगते. 2015 च्या बालन्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे अशा मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चेहऱ्यावर फूल चिकटवलं आणि मागं संस्थेची पाटी दिसत असली तर काय उपयोग? मुळात काढूच नका.

या डिसेंबरला आमच्या मंडळीत मी पाळकांपुढं (पास्टरांपुढं) एवढंच मांडणार आहे: येणाऱ्या प्रत्येक टीमकडून आधी एका मावशीच्या आठ दिवसांच्या पगारी सुट्टीचे पैसे घ्यायचे, आणि त्या आठ दिवसांत तिच्या जागी आपल्यातली, मुलींच्या ओळखीची बाई राहील. मिरज, सांगली, कुपवाडमधल्या ज्या बायकांना असं राहायला जमेल त्यांनी मला मेसेज करा. पोलीस पडताळणी करून घ्यावी लागेल, मोबाईल ऑफिसात ठेवावा लागेल आणि आधी दोन-तीन रविवार मावशींबरोबर काढावे लागतील. उवांची फणी मी देईन.