प्रतिक्रियेला उत्तर : ‘स्किपटेस्ट्स लावतो आणि आमचं काहीही बिघडलेलं नाही’

मेव्हन (जावाच्या कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बांधणारं, म्हणजे ‘बिल्ड’ करणारं साधन) आणि जेयुनिट (कोड बरोबर चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे ‘टेस्ट’, लिहिण्याचं साधन) यांच्या ओळखीचा लेख लिहिला, त्याखाली ‘एक अनुभवी डेव्हलपर’ या नावाने प्रतिक्रिया आली. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून ती थोडक्यात देतो. लेख पाठ्यपुस्तकी आहे. डेडलाइन डोक्यावर असताना टेस्ट लिहायला कोणाला वेळ नसतो. ‘आम्ही कायम स्किपटेस्ट्स लावूनच बिल्ड करतो आणि आमचं काहीही बिघडलेलं नाही.’ (स्किपटेस्ट्स म्हणजे बिल्ड करताना टेस्ट न चालवण्याची सूचना.) दरवेळी क्लीन करायला (आधीच्या बिल्डच्या फाइली पुसायला) सांगणं म्हणजे वेळ घालवणं. त्यापेक्षा ग्रेडल (मेव्हनसारखंच दुसरं साधन) वापरा. आणि शेवटी : ‘खऱ्या प्रोजेक्टवर कधी काम केलंय का, की नुसतं वाचून लिहिता?’

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण ते लागलं. बिल्ड आणि रिलीज हेच माझं पोटापाण्याचं काम आहे. याहून जास्त पुरावा मी देणार नाही आणि तो मागण्याचा तुम्हाला अधिकारही नाही. मुद्दा चुकीचा वाटला तर तो जरूर खोडा. लिहिणाऱ्याची लायकी काढल्याने मुद्दा खोडला जात नाही. लेखात मी कोणालाही नावं ठेवलेली नव्हती, त्यामुळे हा सूर कुठून आला ते मला खरंच कळलेलं नाही.

एक गोष्ट मान्य. स्वतःच्या मशीनवर दरवेळी क्लीन करायची गरज नसते. बदललेल्या फाइली मेव्हन ओळखतो. एखादा क्लास काढून टाकला किंवा त्याचं नाव बदललं आणि जुनी कंपाइल झालेली (यंत्राला चालवता येईल अशी केलेली) फाइल टार्गेट या बिल्डच्या फोल्डरमध्ये राहून गोंधळ घालू लागली, तेव्हा क्लीन करा. हे वाक्य लेखात घालतो.

आता ‘काहीही बिघडलेलं नाही’. हे तुम्हाला कशावरून कळलं, एवढंच मला विचारायचं आहे. बिघाड सांगणारी एकमेव सोय बंद केली, तर बिघाड नाही असं म्हणता येत नाही. फार तर कोणी तक्रार केलेली नाही, एवढंच म्हणता येतं.

उदाहरण हिशेबाचंच घेऊ. १४९.५० रुपयांच्या वस्तूवर १८ टक्के जीएसटी लावायचा आहे. एकदम काढला तर २६.९१ रुपये येतो. केंद्राचे ९ आणि राज्याचे ९ टक्के वेगवेगळे काढले तर प्रत्येकी १३.४५५ येतात, ते नेहमीच्या पद्धतीने १३.४६ होतात आणि बेरीज २६.९२ होते. एका पैशाचा फरक. कोडमधल्या एका मेथडने (एक काम करणाऱ्या तुकड्याने) एकदम काढला आणि दुसरीने दोन भागांत, तर प्रोग्रॅम कोसळत नाही, लॉगमध्ये (प्रोग्रॅमच्या नोंदींत) एक्सेप्शन येत नाही, बिल नीट छापलं जातं. महिनाअखेरीला खातं जुळत नाही आणि मग चार माणसं एक्सेल उघडून बसतात. याची टेस्ट पाच ओळींची आहे : रक्कम द्या, दोन्ही भाग मागा, बेरीज तपासा. तुलना करताना मात्र बिगडेसिमलच्या (जावातल्या दशांश आकड्यांच्या प्रकाराच्या) इक्वल्सवर विसंबू नका. त्याच्या लेखी २.० आणि २.०० वेगळे असतात, म्हणून कम्पेअरटू वापरा.

दुसरं उदाहरण तारखेचं. कोडमध्ये थेट लोकलडेट डॉट नाऊ (मशीनच्या घड्याळाप्रमाणे आजची तारीख) लिहिलेलं असतं. तुमचं मशीन भारतीय वेळेवर चालतं, सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर. रात्री १२ ते पहाटे ५.३० या वेळात सर्व्हरच्या लेखी अजून कालचीच तारीख असते. दिवसा तपासून हे कधीच सापडणार नाही, कारण दिवसा दोन्हीकडे तारीख एकच असते. क्लॉक (वेळ सांगणारा ऑब्जेक्ट) बाहेरून कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या कोडमध्ये) द्या आणि टेस्टमध्ये क्लॉक डॉट फिक्स्ड वापरून रात्रीचे २ वाजवा. बग तिथल्या तिथे पकडला जातो.

‘स्किपटेस्ट्स’ म्हणताना तुम्ही नेमकं काय लावता, हेही प्रतिक्रियेत नाही, आणि फरक मोठा आहे. स्किपटेस्ट्स लावलं तर टेस्टचा कोड कंपाइल होतो, फक्त चालत नाही. ‘मेव्हन डॉट टेस्ट डॉट स्किप’ लावलं तर तो कंपाइलही होत नाही. दुसरा प्रकार जास्त घातक. मेथडला एक पॅरामीटर वाढतो, टेस्टमधली हाक जुनीच राहते आणि कोणालाच पत्ता लागत नाही. पुढे कधी ते काढलं की नुसत्या कंपाइल एररची रांग लागते आणि टीम घाबरून ते परत लावते. गिट बायसेक्टने (बिघाड कोणत्या कमिटपासून, म्हणजे नोंदवलेल्या बदलापासून, सुरू झाला ते शोधणाऱ्या साधनाने) जुना बग शोधायचा म्हटलं तर तेही बंद होतं. कंपाइल फसलं काय आणि टेस्ट फसली काय, मेव्हन १ हाच एक्झिट कोड (काम संपताना दिलेला निकालाचा आकडा) देतो. बायसेक्ट त्याला ‘वाईट कमिट’ समजतो आणि भलत्याच माणसाच्या कमिटवर बोट ठेवतो. अशा कमिटसाठी १२५ परत करावा लागतो, म्हणजे बायसेक्ट ते वगळतो. त्यासाठी आधी टेस्ट-कंपाइल आणि मग टेस्ट चालवणारी छोटी स्क्रिप्ट लिहावी लागते.

टेस्ट चालू ठेवूनही फसगत होते, तीही सांगतो, कारण बऱ्याच जणांच्या प्रोजेक्टमध्ये ती आत्ता असेल. जेयुनिट ५च्या टेस्ट शुअरफायर (मेव्हनमधलं टेस्ट चालवणारं प्लगिन) २.२२.० पासून थेट चालतात. मेव्हन ३.८ पर्यंत पॉममध्ये (प्रोजेक्टच्या मेव्हन सेटिंगच्या फाइलमध्ये) आवृत्ती लिहिली नसेल तर शुअरफायर २.१२.४ उचललं जातं. मग टेस्ट लिहिलेल्या असतात, बिल्ड सक्सेस असा हिरवा शेरा येतो आणि प्रत्यक्षात एकही टेस्ट चाललेली नसते. इम्पोर्ट ज्युपिटरऐवजी (म्हणजे जेयुनिट ५ऐवजी) जुन्या जेयुनिट ४च्या टेस्टचं राहिलं आणि सोबत फक्त ज्युपिटरचं इंजिन असलं तरी तेच. क्लासचं नाव ‘टेस्ट’वर न संपता ‘चेक’वर संपलं तरी तेच. म्हणून शुअरफायरची आवृत्ती पॉममध्ये स्पष्ट लिहा आणि ‘फेलइफनोटेस्ट्स’ ट्रू करा. एकही टेस्ट मिळाली नाही तर बिल्ड पडलाच पाहिजे.

वेळ नसतो, हे दुखणं खरं आहे, पण त्यावर तुम्ही काढलेला उपाय चुकीचा आहे. आधी वेळ कुठे जातो ते बघा. स्प्रिंगच्या (जावाच्या एका फ्रेमवर्कच्या) प्रोजेक्टमध्ये तो बहुतेक वेळा टेस्टमध्ये जात नाही, कॉन्टेक्स्ट (अॅप्लिकेशनच्या भागांची एकत्र जुळणी) उभा करण्यात जातो. दोन आकडे बेरजेला घेणाऱ्या क्लासवरही स्प्रिंगबूटटेस्ट (अख्खा कॉन्टेक्स्ट उभा करायला लावणारी खूण) लावलेलं असतं, तिथे साधं ‘न्यू’ पुरतं. प्रत्येक टेस्टमध्ये वेगवेगळे मॉकबीन (खऱ्या भागांच्या जागी नकली भाग) ठेवले किंवा डर्टीजकॉन्टेक्स्ट (कॉन्टेक्स्ट टाकून देण्याची खूण) लावलं तर कॅशमधला कॉन्टेक्स्ट वापरता येत नाही, पुन्हा नवा उभा राहतो.

डेटाबेस लागणाऱ्या टेस्टची नावं ‘आयटी’वर संपवा आणि त्या फेलसेफ (अशा मोठ्या टेस्ट वेगळ्या चालवणाऱ्या) प्लगिनकडे द्या. मग स्वतःच्या मशीनवर ‘स्किपआयटीज’ (फक्त या टेस्ट वगळण्याची सूचना) लावून पटकन बिल्ड करा, माझी काही हरकत नाही. सीआयवर (कोडमधल्या बदलांनंतर आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर) मात्र सगळं चालवा, आणि तिथे ‘इंटिग्रेशन-टेस्ट’वर न थांबता ‘व्हेरिफाय’पर्यंत जा. फेलसेफ पडलेल्या टेस्टवरून बिल्ड पाडतं ते व्हेरिफायमध्ये. आधीच थांबलात तर टेस्ट पडूनही बिल्ड हिरवा दिसतो, शिवाय चालू केलेला सर्व्हर बंद करण्याची पायरीही राहून जाते.

जुन्या, पडक्या टेस्टचं काय, तर स्किपटेस्ट्स आधी फक्त सीआयवरून काढा. ज्या पडतील त्यांना एकेक करून डिसेबल्ड (ती टेस्ट वगळण्याची खूण) लावा आणि कंसात कारण लिहा. कारण न लिहिता लावलेलं डिसेबल्ड पुढे कोणीच काढत नाही. उरलेल्या टेस्ट त्याच दिवसापासून राखणीला लागतात.

ग्रेडल उत्तम आहे, पण तिथेही ‘मायनस एक्स टेस्ट’ लावून हेच करता येतं, त्यामुळे तो मुद्दा इथे गैरलागू. ‘पाठ्यपुस्तकी’ या शब्दाला उत्तर देत बसत नाही.

पुन्हा लिहाल तेव्हा तुमच्या सीआयच्या लॉगमधली ‘टेस्ट्स रन’ने सुरू होणारी ओळ सोबत द्या. स्किपटेस्ट्स काढून एकदा बिल्ड चालवा, मग ती ओळ मिळेल. त्यावर मी तुमच्याशी हवं तितकं बोलेन. माझ्या अनुभवावर मात्र बोलणार नाही, आणि तसल्या प्रतिक्रिया यापुढे छापणारही नाही.