सापांना कळत नसेल, पण दोष उतरतोच

लेखात म्हटलंय की सापांना नातंगोतं कळत नाही, तेव्हा एकाच वीणीतली भावंडं जोडीला ठेवली तरी बिघडत नाही. त्यांना कळत नसेल हो, पण दोष उतरतोच ना! इथे वडोदऱ्यात, दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या भाच्याकडे कॉर्न स्नेकची अशीच जोडी आहे. (साप परदेशी. देशी पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे.) गेल्या खेपेला दोन अंडी पिवळी पडून बसली आणि एक पिल्लू निघालं ते पाठीत वाकडं, शेपटीपाशी दोन गाठी. आता खरं सांगायचं तर अंडी उबवताना उष्णता जास्त झाली तरी असं होतं, आणि आमच्याकडचा मे महिना तर विचारूच नका! त्यामुळे सगळं खापर नात्यावर फोडत नाही.

पण स्वीडनमधल्या स्मिगेहुकचे साप आठवा. एकाकी पडून नात्यातच वीण होत राहिलेल्या सापांच्या त्या समूहात मेलेली, व्यंग असलेली पिल्लं होऊ लागली होती. १९९२ साली बाहेरचे २० नर आणून सोडले, आणि काही वर्षांत संख्या झपाट्याने वाढली. भाच्याला म्हटलं, नर बदल. तर म्हणतो, "मावशी, पिल्लांचा रंग जाईल!" अरे, त्याच रंगाचा, पण दुसऱ्या घरचा आण की.