जेट्सच्या २००८ च्या मोसमाचं खापर वयावर फोडू नका

मंडळी, एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, कुठल्यातरी संघाने वय झालेला, नावाजलेला क्वार्टरबॅक आणला की आमच्या न्यू जर्सीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हमखास एक मेसेज पडतो: "आठवतंय ना, फार्वचं जेट्समध्ये काय झालं?" (ब्रेट फार्व, २००८ मध्ये न्यूयॉर्क जेट्सनी आणलेला वय झालेला क्वार्टरबॅक.) अ‍ॅरन रॉजर्स जेट्समध्ये आला तेव्हा हा मेसेज पडला, तो पिट्सबर्गला गेला तेव्हाही पडला. म्हणणाऱ्याचा रोख सगळ्यांना कळतो. म्हातारा आणला, डिसेंबरात त्याचा हात थकला, मोसम बुडाला.

मला हे अजिबात पटत नाही, आणि ग्रुपवर चार ओळींत मावणारं नाही म्हणून इथे लिहितोय. तो मोसम मी इथेच राहून पाहिलाय. टीव्हीवर, आणि अधूनमधून ईस्ट रदरफर्डच्या स्टेडियममध्ये, जे जेट्स खेळत असूनही नावाने 'जायंट्स स्टेडियम' होतं. (शेजाऱ्याच्या नावाच्या घरात भाड्याने राहणारा संघ! जेट्सच्या पाठीराख्यांचा निम्मा स्वभाव तिथूनच आलाय.)

पुण्या-कोल्हापूरच्या मित्रांसाठी थोडक्यात. अमेरिकन फुटबॉलमध्ये जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. अंगावर दीडशे-दीडशे किलोची माणसं धावून येत असताना दोन-तीन सेकंदांत त्याला ठरवायचं असतं, कुणाकडे फेकायचा. आपल्या माणसाने गोलरेषेपलीकडे झेलला तर टचडाऊन. मधल्यामधे प्रतिस्पर्ध्याने झेलला तर इंटरसेप्शन, म्हणजे चेंडूही गेला आणि डावही गेला.

ब्रेट फार्व हा यातला जुगारी. १९९२ ते २००७ अशी सोळा वर्षं ग्रीन बे पॅकर्सकडून खेळला. १९९५, ९६ आणि ९७ असा सलग तीन वेळा एमव्हीपी (वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू), एक सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकलेला, आणि पॅकर्ससाठी साखळीत सलग २५३ सामने सुरुवातीपासून मैदानात. अंगठा मोडलेला असो, घोटा सुजलेला असो, रविवारी चार नंबरची जर्सी उतरणारच. हा विक्रम लक्षात ठेवा. माझ्या मते पुढे सगळं त्यानेच बिघडवलं.

मार्च २००८ मध्ये त्याने रडत रडत निवृत्ती जाहीर केली. उन्हाळ्यात विचार बदलला. तोवर पॅकर्सनी रॉजर्सला गादीवर बसवलं होतं. त्यावरून जे नाटक रंगलं ते इथे सांगत बसत नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्याला जेट्सकडे धाडण्यात आलं. पॅकर्सनी करारात एक पाचरही मारून ठेवली होती: जेट्सनी त्याला पुढे शेजारच्या मिनेसोटाच्या व्हायकिंग्जना दिलं, तर पहिल्या फेरीचे तीन ड्राफ्ट पिक, म्हणजे नवे खेळाडू निवडायचे हक्क, पॅकर्सना मोजायचे. आपला माणूस शेजाऱ्याच्या घरात जाऊ नये म्हणून.

त्याला जागा करून देण्यासाठी जेट्सनी चॅड पेनिंग्टनला मोकळं केलं. पेनिंग्टन २००० साली पहिल्या फेरीत निवडलेला, सभ्य, अभ्यासू. खांद्याच्या शस्त्रक्रियांनी हातातली ताकद गेलेली, पण डोकं शाबूत. तो मायामीला गेला. तिथे संघाचा कारभार बघायला बिल पार्सेल्स बसले होते, ज्यांच्या कारकीर्दीत जेट्सनी त्याला निवडलं होतं. मायामी डॉल्फिन्स आदल्या वर्षी सोळापैकी एकच सामना जिंकले होते, त्यामुळे इथे कुणी भुवईसुद्धा उंचावली नाही. जो तो चार नंबरच्या हिरव्या जर्सीच्या मागे.

आता एक गोष्ट जी ग्रुपवर कुणीच बोलत नाही. फार्व आला तेव्हा मोसमाला जेमतेम महिना उरला होता. सोळा वर्षं एकाच घराण्याची चालींची भाषा बोललेला माणूस. जेट्सचे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमणाच्या चाली ठरवणारे, ब्रायन शॉटेनहायमर, त्यांची परिभाषा वेगळी. तीच चाल, पण हाक मारायची वेगळ्याच शब्दांत, आणि ती हडलमध्ये, म्हणजे चालीआधीच्या घोळक्यात, दहा जणांना न अडखळता सांगायची. शिवाय कुठला रिसीव्हर (पास झेलणारा) कुठल्या पावलावर वळतो, कोण उंच फेकलेला घेतो, कोण छातीवर, हे सरावाच्या महिन्यांतून अंगात मुरतं. ते महिने त्याला मिळालेच नाहीत. तरीही पहिल्याच सामन्यात मायामीत जाऊन पेनिंग्टनच्याच संघाला २०-१४ हरवलं.

मग लगेच दोन पराभव. आणि मग २८ सप्टेंबर, अ‍ॅरिझोना कार्डिनल्स. ५६-३५. फार्वचे सहा टचडाऊन पास, त्याच्या अख्ख्या कारकीर्दीतला सर्वोच्च आकडा. लीमन ब्रदर्स बुडून दोन आठवडेही झाले नव्हते, ऑफिसात कुणाची नोकरी राहील याची खात्री नव्हती, आणि सोमवारी सगळे त्या सहा टचडाऊनबद्दल बोलत होते. पण त्या एका सामन्याने पुढचा हिशेब फसवा करून ठेवला. पहिल्या कसोटीत द्विशतक ठोकणाऱ्याची मालिकेतली सरासरी जशी शेवटपर्यंत गोड दिसत राहते, तसं. मोसमअखेर त्याचे टचडाऊन २२ आणि इंटरसेप्शनही २२, लीगमध्ये सर्वाधिक. तो एक सामना बाजूला काढा, की उरलेल्या पंधरा सामन्यांत टचडाऊन फक्त १६.

म्हणजे तो सुरुवातीला देव होता आणि शेवटी कोसळला, असंही नाही. पहिल्या अकरा सामन्यांत २० टचडाऊन आणि १३ इंटरसेप्शन होती. कॅन्सस सिटीसारख्या पडक्या संघाविरुद्ध तीनदा चेंडू बहाल केला आणि तरी कसाबसा सामना काढला. ओकलंडला जादा वेळेत हरले. संघ चालत होता तो थॉमस जोन्सच्या पायांवर. त्या वर्षी जोन्स १,३१२ यार्ड धावला, लीगच्या एएफसी या अर्ध्या भागात सर्वाधिक. त्याच्यासमोर अ‍ॅलन फानेकासारखी माणसं भिंत धरून उभी होती. बचावात मधे क्रिस जेन्किन्स अडवायला. २००७ मध्ये ४-१२ (चार विजय, बारा पराभव) असलेला संघ ८-३ झाला तो एकट्या फार्वमुळे नव्हे, हे तेव्हाही दिसत होतं. पाहायचं कुणाला होतं?

कारण नोव्हेंबरचे ते दोन सामने! गुरुवारी रात्री फॉक्सबरोला, पेट्रियट्सविरुद्ध. आघाडी २४-६ ची, आणि ती आटत आटत गेली. शेवटचा एक सेकंद उरला असताना मॅट कॅसलने रँडी मॉसला टचडाऊन फेकून ३१-३१ केलं. मी टीव्ही बंद करायला उठलो होतो. जेट्सच्या माणसाला पुढे काय होणार ते माहीत असतं. जादा वेळेत तिसरा डाऊन, म्हणजे चारांतला तिसरा प्रयत्न, पंधरा यार्डांची गरज, मागे आपलीच गोलरेषा. फार्वने डस्टिन केलरला सोळा यार्डांचा पास मारला. तिथून चेंडू पुढे सरकत गेला आणि जे फीलीने चेंडू लाथेने खांबांमधून मारून, म्हणजे फील्ड गोल करून, ३४-३१ केलं. पुढच्या सामन्यात टेनेसीत, तोवर दहाच्या दहा जिंकलेल्या टायटन्सना ३४-१३. तिकडे न्यूयॉर्कचाच दुसरा संघ, जायंट्स, १०-१. सुपर बोलमध्ये न्यूयॉर्क विरुद्ध न्यूयॉर्क, अशी भाषा सुरू झाली. पार्किंग लॉटमध्ये जे-ई-टी-एस, जेट्स जेट्स जेट्स!

पुढच्या पाच सामन्यांत चार पराभव. डेन्व्हरकडून घरच्या मैदानावर, सॅन फ्रान्सिस्कोत, सिअ‍ॅटलच्या बर्फात, आणि शेवटचा पुन्हा घरी. मधला बफेलोविरुद्धचा विजयही मिळाला तो बफेलोच्या मेहेरबानीने: आघाडी हातात असताना धावायचं सोडून त्यांनी पास टाकायचं ठरवलं, लॉसमनच्या हातून चेंडू सुटला आणि शॉन एलिस तो घेऊन गोलरेषेपार गेला. या पाच सामन्यांत फार्वची २ टचडाऊन, ९ इंटरसेप्शन.

इथेच वयवाले टाळ्या पिटतात. एकोणचाळिशीचा हात, थंडी, घरच्या मैदानाचा, मेडोलँड्सचा वारा. सगळं जुळतं.

फक्त मोसम संपल्यावर एमआरआय झाला, आणि उजव्या दंडाचा, म्हणजे फेकायच्या हाताचा, बायसेप्सचा टेंडन फाटल्याचं निघालं. एनएफएलमध्ये दर आठवड्याला जखमींची यादी जाहीर करावी लागते. त्या अखेरच्या आठवड्यांत या दुखापतीसाठी फार्वचं नाव यादीत नव्हतं. पुढच्या सप्टेंबरात तो स्वतःच बोलून गेला की जेट्सना ठाऊक होतं. लीगने चौकशी करून जेट्सना ७५,००० डॉलर, आणि जनरल मॅनेजर माइक टॅननबॉम व कोच एरिक मँजिनी यांना प्रत्येकी २५,००० डॉलर दंड केला. एनएफएलच्या हिशेबात ही चहापाण्याची रक्कम. पण या निकालाने म्हातारपणाच्या गोष्टीतली हवाच काढली.

आणि दुसरा पुरावा. तोच माणूस, एक वर्षाने आणखी म्हातारा, टेंडनची शस्त्रक्रिया करून २००९ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जकडून उतरला. (जेट्सनी त्याला विकलं नाही, नुसतं मोकळं केलं, त्यामुळे पॅकर्सची ती पाचर वाऱ्यावर गेली.) ४,२०२ यार्ड, ३३ टचडाऊन, ७ इंटरसेप्शन, संघ १२-४. चाळिशीत! एकोणचाळिशीत गळालेला हात चाळिशीत कुठून आला?

मग दोष कुणाचा? माझ्या लेखी, ज्याने त्याला बाकावर बसवलं नाही त्याचा. केलन क्लेमेन्स बाकावर होता, आदल्या वर्षी खेळलेला. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पास आखूड पडत होते. पण फार्वला बसवायचं म्हणजे तो सलग सामन्यांचा विक्रम मोडणारा कोच व्हायचं, ज्याच्यासाठी मालकाने जर्सी विकल्या त्याला झाकून ठेवायचं. मँजिनींची ती हिंमत झाली नाही. आणि फार्व स्वतःहून "आज जमत नाही" म्हणेल हे तर शक्यच नव्हतं; सोळा वर्षं त्याला त्याचंच कौतुक मिळालेलं. मोसमानंतर थॉमस जोन्स रेडिओवर बोलला, की जो वाईट खेळतोय त्याला बाहेर काढायला हवं. त्याच्यावर इथे बरीच टीका झाली. मला तर त्या अख्ख्या संघात तोच एक सरळ बोलणारा वाटला.

शेवटचा सामना तर कुणी कादंबरीत लिहिला असता तर संपादकाने कापला असता. २८ डिसेंबर, समोर मायामी, क्वार्टरबॅक पेनिंग्टन. मायामी जिंकली तर डिव्हिजन, म्हणजे चार संघांचा गट, त्यांची. जेट्सची आशा दुसऱ्या मैदानांवरच्या निकालांवरही टांगलेली. फार्वची तीन इंटरसेप्शन. त्यातलं एक फिलिप मर्लिंग नावाच्या डिफेन्सिव्ह एंडने पकडून थेट गोलरेषेपार नेलं. डॉल्फिन्स २४-१७. एका जिंकलेल्या सामन्यावरून अकरावर! पेनिंग्टनची वर्षभरात इंटरसेप्शन किती? सात. एमव्हीपीच्या मतदानात त्याच्या पुढे फक्त पेटन मॅनिंग. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी जुनी दहा नंबरची पेनिंग्टनची जर्सी घातली होती, जेट्सचीच, हिरवी. त्यांना कुणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी मँजिनींना काढलं.

तेव्हा ग्रुपवरच्या माझ्या मित्रांनो, फार्वला आणणं चूक होतं का? पेनिंग्टनला सोडणं ही चूक होती, ते मी मान्य करतो. पण आणल्यावर ८-३ पर्यंत पोचलेला संघ डिसेंबरात फाटलेल्या टेंडनवर चालवणं ही त्याहून मोठी चूक, आणि तिचा वयाशी काही संबंध नाही. तेविशीतल्या पोराचा टेंडन फाटला तरी चेंडू तसाच आखूड पडतो. आता कुणीतरी लिहीलच, की क्लेमेन्सला सिअ‍ॅटलमध्ये उतरवला असता तर काय दिवे लावले असते? कदाचित काहीच नाही. पण त्या दिवशी फार्वला घेऊनही जेट्सचे गुण तीनच झाले होते.